कथील खाणारा लांडगा

प्रश्न : टंगस्टनचं रासायनिक चिन्ह ‘डब्ल्यू’ कसं? त्याचा लांडग्याशी संबंध आहे असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, आणि हा लांडगा कथलाच्या खाणीतला आहे. सॅक्सनी आणि बोहेमियाच्या (आजच्या जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकाच्या) सीमेवरच्या डोंगरांत कथील काढणाऱ्यांना कॅसिटराइट या कथलाच्या खनिजासोबत एक काळा, जड दगड सापडे. तो भट्टीत गेला की कथील कमी हाती येई, बरंचसं मळीत अडकून राहायचं. लांडगा मेंढरं फस्त करतो तसा हा कथील खातो, असं ते म्हणत. खनिजांवर लिहिणाऱ्या अॅग्रिकोला या जर्मन विद्वानाने १५४६ मध्ये त्याचा उल्लेख ‘लांडग्याचा फेस’ अशा अर्थाच्या लॅटिन नावाने केला. त्यातूनच वुल्फ्राम, आणि त्याचा ‘डब्ल्यू’.

मग तो आधीच वेगळा का काढत नसत? खरी अडचण इथेच आहे. खनिज कुटून पाण्याच्या धारेत धुतात तेव्हा हलकी वाळू वाहून जाते आणि जड कण मागे राहतात. पण कॅसिटराइटची घनता पाण्याच्या सुमारे ७ पट आणि वुल्फ्रॅमाइटची, म्हणजे त्या काळ्या दगडाची, ७ ते ७.५ पट. पाण्याला दोन्ही सारखेच. विद्यार्थिदशेत मी हे दोन खडे दोन तळहातांवर घेऊन बराच वेळ उभा होतो, वजनावरून काही कळेना. मग सरांनी जस्ताच्या तुकड्यावर दोन्हींचे कण ठेवून वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायला लावलं. कॅसिटराइटच्या कणांवर कथलाचा करडा, चकचकीत मुलामा चढला. दुसरे काळेच राहिले. तो क्षण मला अजून लख्ख आठवतो.

खाणीत मात्र टनावारी माल. १८४० च्या दशकात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलकडे रॉबर्ट ऑक्सलंडने तोडगा काढला : मिश्र खनिज धुण्याच्या सोड्याबरोबर भाजायचं. टंगस्टनचं सोडियम टंगस्टेट होतं, ते पाण्यात विरघळतं आणि कथील मागे उरतं. हे टंगस्टेट कापड सहज पेटू नये म्हणून वापरलं जाई. पुढे चुंबकीय यंत्रं आली आणि काम सोपं झालं, कारण वुल्फ्रॅमाइट तीव्र चुंबकाकडे ओढलं जातं, शुद्ध कॅसिटराइट नाही.

धातू म्हणून टंगस्टन पहिल्यांदा १७८३ मध्ये स्पेनमधल्या एलुयार बंधूंनी मिळवलं. त्यांचा वुल्फ्रॅमाइटचा नमुनाही त्याच सीमेवरच्या डोंगरांतल्या त्सिनवाल्डच्या कथील-खाणीतलाच. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, टंगस्टन ३,४२२ ला. टंगस्टनमुळे पोलाद लाल तापलं तरी कठीण राहतं, हे कळल्यावर कॉर्नवॉलमध्ये टाकून दिलेले जुने ढीग लोकांनी पुन्हा उकरायला घेतले.