सागाचा पालापाचोळा काढण्यासाठी पाठीवरचा ब्लोअर कोणता घ्यावा?

एकरभर आवारात सागाची व मोहाची झाडे असतील, तर 60 ते 65 सीसीचा पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर घ्यावा आणि निवडताना हवेच्या वेगापेक्षा हवेचे प्रमाण आधी पाहावे. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आमच्या गावाजवळच्या जंगलात जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करण्याचे काम मी केले आहे; सुपाएवढे, वाळून कडक झालेले सागाचे पान वेगवान पण बारीक झोताने नुसते उलटते आणि तिथेच पडते, तर मोठ्या प्रमाणातील हवा त्याचा ढीगच्या ढीग पुढे लोटत नेते. माहितीपत्रकात पुष्कळदा नळी न लावता मोजलेला मोठा आकडा ठळक छापलेला असतो, म्हणून दुकानदाराला नळीच्या तोंडाशी किती हवा मिळते हेच विचारावे. यंत्राचे वजन 10 किलोच्या घरात जाते. तेव्हा टाकी भरून, पट्टे आवळून दुकानातच दहा मिनिटे पाठीवर घेऊन पाहावे. इंधनाचे मिश्रण बहुधा 50:1, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, असे असते, तरी पुस्तिकेतील प्रमाणच पाळावे. दुरुस्ती तालुक्याच्या गावी होत नसेल, तर उत्तम यंत्रही घेऊ नये. मात्र अवकाळी पावसाने पाला जमिनीला चिकटला असेल, तर हे यंत्र फारसे कामाचे नाही. तिथे दाताळेच बरे. तापलेले यंत्र वाळल्या पाल्यावर ठेवू नये व तिथे पेट्रोलही भरू नये.