मैलाचा दगड कोण रचतं?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी खेळांच्या दिनविशेषात ‘५ फेब्रुवारी : हँक ॲरन यांचा वाढदिवस’ लिहावं की ‘जयंती’? आणि त्याखाली ‘८ एप्रिल १९७४ रोजी ७१५ वा होमरन मारून त्यांनी मैलाचा दगड रचला’ हे वाक्य चालेल का? (ॲरन हे अमेरिकी बेसबॉलपटू. होमरन म्हणजे मैदानातले चारही बेस, म्हणजे थांबे, एका दमात फिरून येऊ देणारा फटका.)

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ॲरन २०२१ साली गेले, म्हणून जयंती. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन हयात आहेत, म्हणून १७ फेब्रुवारीला त्यांचा वाढदिवस. ज्याचा ७१४ होमरनचा विक्रम ॲरननी मोडला, त्या बेब रूथची जयंती ॲरनच्या दुसऱ्याच दिवशी, ६ फेब्रुवारीला येते. गंमत म्हणजे चाळिशीपर्यंत रूथ स्वतः आपला जन्म ७ फेब्रुवारी १८९४ चा समजत होता. १८९५ ची खरी तारीख त्याला पासपोर्ट काढताना कळली.

दुसरं वाक्य मात्र अजिबात चालणार नाही. हे ‘मैलाचा दगड रचला’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. रचायचा तो पाया, रोवायची ती मुहूर्तमेढ. मैलाचा दगड रस्त्याच्या कडेला आधीपासून उभा असतो, वाटसरू त्याच्यापुढून जातो. एखादी घटना मैलाचा दगड ‘ठरते’, इथवर ठीक. ‘आता रूढ झालंय, सोडून द्या’ म्हणणारे भाषातज्ज्ञ मला मुळीच पटत नाहीत. रूढ झालेला आहे तो विक्रम रचणं आणि टप्पा गाठणं यांचा घोटाळा, आणि घोटाळ्याला रूढी म्हणत नाहीत.

आपल्याकडे ‘टप्पा’ हा इतका देखणा शब्द असताना दगड हवाच कशाला? चेंडू जमिनीला लागून उसळतो तो टप्पा. गल्लीत ‘एक टप्पा आउट’ खेळलेल्यांना हे सांगायला नको. प्रवासात जिथे टेकायचं, दम खायचा आणि पुन्हा निघायचं, तोही टप्पाच. जुनी डाक अशीच टप्प्याटप्प्याने जायची, एका जासुदाची थैली पुढचा उचलायचा. ‘टपाल’ याच टप्प्यातून निघालं असं माझं ठाम मत आहे. टेकणं आणि उसळी घेणं, दोन्ही या एका शब्दात आहे. दगडात नुसतं अंतर असतं. ॲरन ७१५ वर थांबले नाहीत, १९७६ मध्ये ७५५ वर निवृत्त झाले. म्हणजे ७१५ हा टप्पाच होता की!

आणि बेसबॉलमध्ये तर या शब्दाला आणखी रंगत येते. तिथे चेंडू टप्पा न पडता कुंपणापार गेला तर थेट होमरन. टप्पा पडून गेला तर फलंदाजाला दोनच बेस मिळतात. १९३१ च्या हंगामापासून दोन्ही मोठ्या लीगमध्ये हाच नियम आहे. त्याआधी टप्पा पडून पलीकडे गेलेला चेंडूही होमरन धरत. एकही टप्पा न पडता मारलेल्या चेंडूंनी गाठलेला टप्पा! हे मराठीशिवाय कुठल्या भाषेत म्हणता येईल?

तर वाक्य असं लिहा: ‘बेब रूथचा ७१४ होमरनचा टप्पा हँक ॲरन यांनी ४ एप्रिल १९७४ रोजी सिनसिनाटीत गाठला आणि ८ एप्रिलला अटलांटात ओलांडला.’