वाचनाची आवड सगळ्यांनाच असते गं

प्रश्न: ताई नमस्कार. मी 23 वर्षांची आहे, इतिहासात एम.ए. झालंय. लहानपणापासून पुस्तकांचं वेड म्हणून प्रकाशनात काम करायचंय. सहा ठिकाणी मेल टाकले, एकानेही उत्तर दिलं नाही. घरचे म्हणतात आर्ट्सवाल्यांनी मुकाट्याने शिक्षकी करावी. माझी डिग्री या क्षेत्रात चालते का? एखादा कोर्स करू का? सोबत मेलची कॉपी जोडलीय.

उत्तर: अगं, डिग्री चालते, मेल चालत नाही. पहिल्या चार ओळीत "वाचनाची प्रचंड आवड" दोनदा आलंय आणि ज्यांना मेल टाकलास त्यांच्या नावातली वेलांटी चुकलीय. समोरचा माणूस दिवसभर चुका शोधायचाच पगार घेतो, तो पुढे कशाला वाचेल? आणि वाचनाची आवड तर अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला असते. तुझ्या हाताला काय काम येतं ते त्याला बघायचं असतं.

तुझ्या इतिहासाचा उपयोग सांगते. समजा एक आत्मकथन आलं, तिसऱ्या प्रकरणात लेखक लिहितो माझा जन्म 1952 चा, आणि नवव्यात 1965 साली तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे तेराव्या वर्षी! लेखकाने पाच वेळा वाचलेलं असतं, त्याच्या बायकोने वाचलेलं असतं, कुणालाच दिसत नाही, कारण सगळे गोष्टीत रमलेले असतात. तू दोन वर्षं साधनं ताडून बघायचंच शिकलीस ना? ते इथे लागतं. वाचताना शेजारी एक कागद ठेवायचा, त्यावर माणसांची नावं, नाती, सालं, गावं आणि कुठला शब्द आपण कसा लिहायचा ठरवलाय ते टिपत जायचं. याला स्टाइल शीट म्हणतात. प्रूफं, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी मांडलेली पानं, बघतानाचं डोकं मात्र वेगळं, तिथे अर्थात रमलीस की संपलं. "दिन" आणि "दीन" दोन्ही शुद्ध, त्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो आणि पुस्तकात "स्वातंत्र्य दीन" छापून येतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात ते आणखी वेगळंच.

मी स्वतः एकदा अडीचशे पानांची प्रूफं तीनदा वाचली, आतमध्ये एक काना चुकू दिला नाही, आणि पुस्तक हातात आलं तर स्पाइनवर, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर, लेखकाचं आडनाव चुकलेलं. कव्हरची फाइल वेगळी असते आणि ती प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बघितली. तेव्हापासून मी स्पाइन बोट ठेवून वाचते, लोक हसतात, हसू देत.

आता एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. प्रकाशन म्हणजे नुसतं संपादन नाही आणि आर्ट्सवाले सगळे त्याच एका दारात गर्दी करतात. छपाई फर्म्यात होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापून घडी घालतात, साधारण 16 पानांचा एक फर्मा. पुस्तक 256 पानांचं झालं तर बरोब्बर सोळा फर्मे, 258 झालं तर त्या दोन पानांसाठी अख्खा नाहीतर अर्धा फर्मा जास्तीचा, बाकीची पानं कोरी. मग कोणीतरी लेखकाला फोन करून दोन पानं कमी करायला सांगायची, की अक्षर एक पॉइंट बारीक करायचं, की ऋणनिर्देश आटपायचे? हे ठरवणारा माणूस प्रॉडक्शनमधला. तसंच हक्कांचं काम, म्हणजे अनुवादाचे, ऑडिओचे, सिनेमाचे हक्क विकणं आणि घेणं, दर ऑक्टोबरात फ्रँकफर्टला जो मोठा पुस्तक मेळा भरतो तिथे मुख्य धंदा याचाच चालतो. ज्याला दोन भाषा नीट येतात आणि करारातलं बारीक अक्षर वाचायचा कंटाळा नाही त्याला इथे वाव आहे. शिवाय विक्री. विक्रीला नाक मुरडू नकोस, दुकानातून न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे परत येताना एकदा बघितलेस की कुठलं पुस्तक का चालतं ते चांगलंच कळतं.

कोर्सचं म्हणशील तर परवडत असेल तर कर, ओळखी होतात, पण त्याच्यासाठी थांबू नकोस. या महिन्यात दोन गोष्टी कर. कुणाचातरी दोनेक हजार शब्दांचा लेख घे, परवानगी घेऊन, आणि वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवून सुधार, म्हणजे काय बदललंस आणि काय जसंच्या तसं ठेवलंस ते दिसेल (ठेवलेलं जास्त महत्त्वाचं, नवे लोक लेखकाचा आवाजच पुसून टाकतात). दुसरं, नुकत्याच वाचलेल्या एका पुस्तकावर एक पानी अहवाल लिही, परीक्षण नव्हे. हे आपण छापावं की नाही, कोण विकत घेईल, कुठे कापावं. "लेखिकेने भावविश्व समर्थपणे उभं केलंय" वगैरे नको. या दोन्ही जोडून पाच ओळींचा मेल टाक आणि वेलांट्या बघ. पगार सुरुवातीला कमी असतो, घरच्यांना हे आधीच सांगून ठेव म्हणजे नंतर बोलणी खावी लागणार नाहीत.

प्रश्न: मी नोकरी करतो, घरी बसून प्रूफरीडिंगची कामं घ्यावीत असं वाटतं. दर पानावर सांगावा की शब्दावर?

उत्तर: शब्दावर सांगा. पान म्हणजे किती हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, एकाचं अडीचशे शब्दांचं, दुसरा बारीक अक्षरात पाचशे कोंबतो आणि दर तोच देतो. पानावरच हट्ट असेल तर एका पानाचे शब्द आधी लिहून घ्या. आणि किती वाचनं करणार तेही, नाहीतर "जरा एकदा शेवटचं बघून द्या" हे चार वेळा येतं.