आधी स्पीड मोज, मग शाफ्ट घे

अरे, गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, घ्यायची घाई करू नकोस. काल सरावाच्या रेंजवर तुझे फटके बघत होतो. दहातले सात-आठ चेंडू खालूनच निघून उजवीकडे जात होते. जीव तोडून मारतोयस, तरी चेंडू उठत नाही. हातात बघितलं तर मित्राचा स्टिफ शाफ्ट, म्हणजे कडक दांडा! सगळा दोष शाफ्टचा नसेल, ग्रिपही बघावी लागेल, पण तुझ्या स्विंगला तो जड जातोय हे नक्की.

लाँच मॉनिटरवर, म्हणजे फटका मोजणाऱ्या यंत्रावर, ड्रायव्हरच्या डोक्याचा स्पीड मोजून घे. दहा-बारा फटके मार, सगळ्यात जोरातला धरू नकोस, सरासरी धर. ढोबळमानाने ताशी 75 ते 85 मैल असेल तर सीनियर शाफ्ट (यातला सगळ्यात मऊ), 85 ते 95 रेग्युलर, 95 ते 105 स्टिफ, त्यापुढे एक्स्ट्रा स्टिफ. सीनियर या नावाला लाजू नकोस, त्याचा वयाशी संबंध नाही.

आणि हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. फ्लेक्सचं, म्हणजे शाफ्टच्या लवचिकतेचं, सर्वमान्य माप नसतं. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक लागू शकतो. शिवाय स्पीड तोच असला तरी वरून झटक्यात खाली येणाऱ्याला थोडा कडक, संथ लयवाल्याला थोडा मऊ बरा पडतो.

चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात कुणी ओळखीचा सभासद असेल तर त्याच्यासोबत जा, दोन-तीन शाफ्ट मारून बघ. पावसाळ्यात ग्रिप कोरडी करायला टॉवेल ने, ओल्या हाताने आकडे खोटे येतात.