ब्रँचेस, फांद्या आणि फांदीवरचा चंद्र

प्रश्न असा आहे: गिटमधल्या (म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) 'ब्रँच'ला, म्हणजे कामाच्या वेगळ्या वाटेला, मराठीत फांदी म्हणावं, फाटा की शाखा? आणि एकाच वेळी तीन-चार ब्रँचेसवर काम चालू असेल, तर ते कसं सांगावं?

आधी ते 'ब्रँचेस' थांबवा. बँकेच्या बँका झाल्या, फाइलच्या फायली झाल्या, मग ब्रँचनेच कुणाचं घोडं मारलंय? 'ब्रँचा' म्हणा. कानाला खटकत असेल तर सरळ 'शाखा' म्हणा, तिचं रूप अनेकवचनातही तेच राहतं.

झाडाची, बँकेची, वेदाची शाखा सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडून देतो. मला मौज वाटते बोटांची. अमरकोशात बोटांना 'करशाखा' म्हटलं आहे. तिकडे इंग्रजी 'ब्रँच'चा माग फ्रेंचमधून लॅटिन 'ब्रांका'पर्यंत जातो आणि ब्रांका म्हणजे जनावराचा पंजा! आता बोट काय करतं? दाखवतं. गिटमधली शाखाही तेवढंच करते. ती म्हणजे एका कमिटचा, म्हणजे जतन केलेल्या बदलांच्या एका नोंदीचा, ४० अक्षरी क्रमांक लिहिलेली चिमुकली फाइल, ओळ संपल्याची खूण धरून ४१ बाइट. नवा कमिट केला की बोट पुढे सरकतं, बस्स.

यावर आपल्याकडे आयता न्याय, म्हणजे दृष्टांत, आहे: शाखाचंद्रन्याय. बीजेची कोर दिसत नसेल तर आपण म्हणतो, 'ती बघ, त्या फांदीवर.' चंद्र फांदीवर नसतोच, पण फांदीच्या आधाराने नजर त्याच्यापर्यंत पोचते. आता ती फांदी छाटा. चंद्राचं काय बिघडलं? गिटमध्ये शाखा पुसली तरी तिने दाखवलेले कमिट लगेच नाहीसे होत नाहीत, क्रमांक सापडला तर त्यांच्यावर पुन्हा शाखा उभी करता येते. गिट २००५ सालचं, न्याय कितीतरी जुना, पण नवख्याला गिट समजावताना मी सुरुवात न्यायापासूनच करतो.

'शाखा संस्कृत, फांदी अस्सल मराठी' असं ठासून सांगणारा एक पक्ष आहे. त्यांनी एकदा फांदी तोडून पाहावी, पानंफळं तिच्याबरोबर खाली येतात. शिवाय गिटमधली शाखा काम झालं की मूळ शाखेत परत मिसळता येते, पण फांदी खोडात परत शिरलेली कुणी पाहिली आहे? फाटेवाल्यांचं निदान ऐकून घेईन, कारण फाटा पुढे मूळ रस्त्याला मिळू शकतो. पण सहकाऱ्याला 'मी आणखी दोन फाटे फोडलेत' असं सांगून पाहा आणि त्याचा चेहरा बघा. शाखा तरी कुठे परत येते, असं विचाराल तर मी पुन्हा बोटांकडे वळेन: मूठ आवळली की सगळ्या करशाखा एकत्र.

हां, तुमचा दुसरा प्रश्न. जुलै २०१५ मध्ये आलेल्या २.५ आवृत्तीपासून गिटमध्ये 'वर्कट्री' आहे. एकाच रेपॉझिटरीच्या, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्याच्या, वेगवेगळ्या शाखा वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच वेळी उघडता येतात. त्याला 'कार्यवृक्ष' म्हणणाऱ्यांना मी लांबूनच हात जोडतो. अहो, तिथला 'ट्री' म्हणजे फोल्डरांची उतरंड, सावली देणारं झाड नव्हे. मराठीत यासाठी 'पसारा' हा शब्द पायाशी पडलेला असताना वृक्षारोपण कशाला? एकाच फोल्डरात बसून अर्धवट काम स्टॅशमध्ये (गिटच्या तात्पुरत्या कप्प्यात) कोंबत या शाखेवरून त्या शाखेवर जातो तो शाखामृग. संस्कृतात हे माकडाचंच नाव आहे. तीन पसारे मांडून बसणाऱ्याला उड्या माराव्या लागत नाहीत. मात्र एकच शाखा दोन पसाऱ्यांत उघडायला गेलात तर गिट अडवतं.

तेव्हा 'तीन शाखांचे पसारे मांडलेत' असं बिनदिक्कत सांगा. काम झालं की पसारा आवरायचा, तेही क्रियापद तयारच आहे. फक्त आत कमिट न केलेलं काही पडून असेल, तर जबरदस्ती केल्याशिवाय गिट तो आवरू देत नाही.