आपले प्रश्न, आमची उत्तरे : सरकणाऱ्या भूपट्टांचा हिशेब

प्रश्न : भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा प्रचंड तुकडा) वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, पण हिमालयात आकुंचन जेमतेम 2 सेंटिमीटरच होते, असे वाचले. हा हिशेब कसा बसतो? इंदूर दिल्लीच्या जवळ सरकते आहे काय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दिल्लीचे आधी सांगून टाकतो. दोन्ही शहरे एकाच भूपट्टावर असल्याने त्यांच्यातील अंतर जवळपास तेवढेच राहते.

गोलावरील भूपट्टाची हालचाल म्हणजे एका ध्रुवाभोवतीचे (हा उत्तर वा दक्षिण ध्रुव नव्हे, तर त्या हालचालीच्या अक्षाचे टोक) फिरणे असते. म्हणून कोनीय वेग, पृथ्वीची त्रिज्या आणि त्या ध्रुवापासूनच्या कोनीय अंतराची ज्या (साइन) यांचा गुणाकार केला की त्या ठिकाणचा वेग मिळतो. समजा, कोनीय वेग 10 लाख वर्षांत अर्धा अंश आहे. तर त्या ध्रुवापासून 90 अंशांवर वेग वर्षाला सुमारे 56 मिलिमीटर भरतो, आणि 30 अंशांवर त्याच्या निम्मा. (वर्षाला 1 मिलिमीटर म्हणजे 10 लाख वर्षांत 1 किलोमीटर, हे लक्षात ठेवले की आकडेमोड तोंडी जमते.)

आता तुमचे 5 सेंटिमीटर. उपग्रहांच्या साहाय्याने मोजलेला हा वेग जागतिक संदर्भ चौकटीतला, म्हणजे एखाद्या शेजारच्या भूपट्टाच्या नव्हे तर संपूर्ण पृथ्वीच्या सापेक्ष मोजलेला आहे. हिमालयापलीकडचा युरेशियाचा भूपट्टही साधारण पूर्वेकडे सरकत असल्याने दोन्ही वेगांची दिशेसह वजाबाकी करावी लागते, आणि सापेक्ष वेग सुमारे 4 सेंटिमीटर उरतो. त्यातला जवळपास निम्मा हिमालयात खर्ची पडतो. बाकीचा तिबेट आणि त्यापलीकडील, मध्य आशियातल्या तिएन शानसारख्या पर्वतरांगा पचवतात.