अनुराधापूर हजार वर्षांहून जास्त काळ श्रीलंकेची राजधानी होतं, मग ते ओस का पडलं?

चोळांनी लुटलं म्हणून, असं उत्तर बहुतेक जण देतील. ते खरं आहे, पण अर्धंच. परचक्रं त्या शहराने आधीही पचवली होती. महावंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली बखरीत तर दक्षिण भारतातून आलेल्या एळाराने तिथे 44 वर्षं राज्य केल्याचं लिहिलंय. मग सिंहली राजा दुट्ठगामणीने शहर परत जिंकलं आणि रुवनवेलीचा महास्तूप बांधायला घेतला.

माझ्या मते खरं कारण पाण्यात आहे. हा भाग कोरडा, वर्षातले काही महिनेच पाऊस. शहर जगायचं तलावांवर. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कालावेवा तलाव बांधला. तिथून जवळपास 87 किलोमीटर लांब कालव्याने पाणी शहरातल्या तिस्सावेवा तलावात यायचं. सुरुवातीच्या टप्प्यात या कालव्याला उतार किती, तर मैलाला जेमतेम 6 इंच!

अभयगिरी विहाराजवळच्या जोडकुंडांपाशी मी बराच वेळ उकिडवा बसून होतो. पाणी थेट कुंडात सोडलेलंच नाही. आधी एक छोटी दगडी टाकी, तिच्या तळाशी गाळ बसायचा आणि वरचं निवळ पाणी मकराच्या दगडी तोंडातून कुंडात पडायचं. आता विचार करा, तो गाळ कोणीतरी वरचेवर उपसत असणार. बांध, कालवे, सगळ्यालाच अशी माणसं लागायची आणि त्यांच्यामागे राजसत्ता.

993 च्या सुमारास राजराज चोळाच्या सैन्याने शहर उद्ध्वस्त केलं आणि चोळांनी कारभार पोलोन्नरुवाला नेला. 1070 मध्ये विजयबाहूने त्यांना हुसकावलं, पण राजधानी तिथेच ठेवली, कारण महावेली नदी ओलांडायच्या जागा तिथून हाताशी होत्या. पुढच्या राजांनी अनुराधापूरचे स्तूप डागडुजी करून उभे केले, वस्ती मात्र परतली नाही. बांध फुटले, रान माजलं. मुळात 122 मीटर उंचीचा जेतवन स्तूप झाडाझुडपांनी झाकून टेकडीसारखा दिसू लागला.

बोधिवृक्ष तेवढा सांभाळला गेला. अशोककन्या संघमित्रेने बोधगयेहून आणलेल्या फांदीचा तो, अशी परंपरा. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही याच झाडाच्या फांदीपासून वाढलाय. अनुराधापूरच्या त्या झाडाखाली उभं राहिल्यावर मला घरचंच कोणी भेटल्यासारखं वाटलं.

आणि पाण्याचं म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालावेवा आणि तो कालवा दुरुस्त झाला, तिस्सावेवात पुन्हा पाणी आलं. त्यामागोमाग भातखाचरं आली, माणसं आली.